होळी जळते, पाणी गारच राहतं

होळी जळाली, थंडी पळाली, असं आपल्याकडे म्हणतात. त्याच्या पंधरा दिवस आधी महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघते, असंही म्हणतात. दोन्ही म्हणी जमिनीवर राहणाऱ्यांच्या आहेत आणि जमिनीपुरत्या खऱ्या आहेत. तलावाचं पाणी मात्र या पंचांगाने चालत नाही. वजनाला वजन धरलं, तर पाणी तापायला हवेच्या चौपट उष्णता लागते. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस नांदेड-लातुरात दुपारचा पारा तेहतीस-चौतीस अंशांवर गेलेला असतो, रस्त्याच्या कडेला रसवंत्या लागलेल्या असतात, आणि तरीही विष्णुपुरीचं, लिंबोटीचं, मांजरा धरणाचं पाणी वीस-बावीस अंशांच्या घरात रेंगाळत असतं. खालचे थर त्याहून गार. हवा पुढे निघून गेलेली आणि पाणी मागे राहिलेलं, असे हे चार-सहा आठवडे असतात. याच आठवड्यांत पाण्यावर जाणाऱ्या माणसांविषयी मला लिहायचं आहे.

ही माणसं बहुतेक भोई समाजातली. धरणाचं पाणी मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतं. संस्था पावसाळ्यात बोटुकली सोडते आणि सभासद वर्षभर रोहू, कटला, मृगळ धरतात. संध्याकाळी तंगुसाचं जाळं सोडायचं आणि पहाटे उचलायचं, हा क्रम. पहाटच का, तर मासा उन्हं वर येण्याआधी बाजारात पोचला पाहिजे. उशीर झाला तर बर्फाचा खर्च वाढतो आणि भाव उतरतो. शिवाय याच दिवसांत पाणी जरासं ऊब धरू लागलं, की थंडीत खोल दडून बसलेला मासा कडेच्या उथळाकडे सरकतो. कमाईचे दिवस आणि गार पाण्याचे दिवस असे नेमके एकावर एक येतात.

त्यांचं वाहन जवळून बघण्यासारखं असतं. मोठ्या धरणांवर होड्या आहेत, पण लहान-मध्यम तलावांवर आजही कित्येक जण ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. थर्माकोलचे जाड ठोकळे एकावर एक रचून त्यांना खताच्या रिकाम्या पोत्यांचं आवरण घालतात आणि वरून जुन्या जाळ्याने करकचून आवळतात. पोत्यावरची युरियाची अक्षरं उन्हाने विटलेली असतात. त्यावर माणूस मांडी घालून तरी बसतो, नाही तर दोन्ही पाय पाण्यात सोडून. वल्हं नसतं. हातांत दोन लहान फळ्या धरून तो डावीकडे-उजवीकडे पाणी मागे सारत जातो. जाळ्याजवळ पोचला की फळ्या मांडीखाली दाबतो आणि उघड्या बोटांनी ओलं तंगूस ओढू लागतो. तासभर तरी हे काम चालतं. त्या तासात पाय पाण्यात असतात, बोटं पाण्यात असतात आणि पाठीवर बारा-तेरा अंशांचा पहाटवारा असतो. तराफा तेवढ्यावरच तोललेला. एका बाजूला जड मासा आला आणि माणूस त्याच बाजूला झुकला, की उलटायला वेळ लागत नाही.

आता या चित्रात एक नवा माणूसही दिसू लागला आहे. पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेली आपली मुलं सुट्टीला येताना हवा भरायची कयाक घेऊन येतात, संस्थेची परवानगी काढतात आणि गळ टाकायला सकाळीच पाण्यात उतरतात. एक नाइलाजाने गेलेला, एक हौसेने. पाण्याच्या दृष्टीने मात्र दोघांत काही फरक नाही. दोघांचंही बूड पाण्यापासून वीतभर अंतरावर, दोघंही एकटे, दोघंही हाताच्या बळावर चाललेले. पालथं झाल्यावर दोघांनाही पाण्यातून पुन्हा वर चढून बसणं अवघड.

आपण दुष्काळी मुलखातली माणसं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि घागरी-हंड्यांच्या रांगांपाशी जमाव होऊ नये म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. ज्या मुलखाने हे पाहिलं, त्याच्या मनात पाण्याची भीती म्हणजे पाणी नसण्याची भीती. असलेल्या पाण्याचं भय बाळगायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. धरण भरलं की आपण ओटी भरायला जातो, फोटो काढतो, पोरांना पाण्यात पाय बुडवू देतो. हा आनंद खरा आहे आणि तो कुणी हिरावू नये. पण खोल, रुंद, थबकलेलं पाणी आपल्याकडे जुनं नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. कंधारचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातला आहे, पण तो अपवाद. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. मांजरा आणि विष्णुपुरी त्याच्याही नंतरची. म्हणजे आपल्या या मोठ्या पाण्यांना अजून तीन पिढ्याही झालेल्या नाहीत.

भोई समाजाचं पिढीजात ज्ञान नदीचं आहे. गोदावरीचा डोह कुठे, उतार कुठे, भोवरा कुठे फिरतो, हे त्यांना वाडवडिलांकडून मिळालं. नदीत काठ जवळ असतो आणि ओढ कळते. धरणात तसं नाही. तिथे काठ किलोमीटरभर लांब असतो, पाण्याखाली बुडालेली शेतं, विहिरी, बाभळींचे बुंधे असतात, आणि वारा सुटला की त्याला अडवायला मधे काहीच नसतं. नदीवर कमावलेला विश्वास माणूस धरणावर घेऊन जातो. ते पाणी वेगळं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात हे गार पाणी स्वतःची खूण लपवतं. माघातल्या पहाटे तलावावर वाफ तरंगत असते. हात बुडवला तर पाणी चक्क कोमट लागतं, कारण हवा बारा अंशांची आणि पाणी वीसचं. लिंबोटीच्या काठी एका वयस्क भोईमामांनी मला हेच सांगितलं होतं, “भाईर गारठा हाय सर, पाण्यात ऊब हाय.” हाताला कळतं ते बरोबरच असतं. पण सगळ्या अंगाचा हिशेब निराळा. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ राहिलेल्या माणसाला ना गार ना गरम वाटावं, यासाठी पाणी तेहतीस ते पस्तीस अंशांचं असावं लागतं. आपलं पाणी त्याहून बारा-पंधरा अंशांनी खाली असतं. आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. वीस अंशांची हवा आपल्याला सुखाची वाटते, वीस अंशांच्या पाण्यात मात्र शरीर सतत तोट्यात चाललेलं असतं.

माणूस अचानक पाण्यात पडतो तेव्हा पहिली गोष्ट घडते ती श्वासाची. कातडीला गारवा एकदम लागताच छाती आपोआप मोठा श्वास आत ओढते आणि मग धाप लागते. हे इच्छेवर नसतं, कितीही धीट माणूस ते थांबवू शकत नाही. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना घेतला गेला, तर पाणी थेट छातीत जातं. काळजाचे ठोके आणि रक्तदाब एकदम चढतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे मायकेल टिप्टन यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासाप्रमाणे ही प्रतिक्रिया दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यात सर्वांत तीव्र असते, पण तिची सुरुवात पंचवीस अंशांच्या खालीच होते. म्हणजे बर्फाच्या देशांतली ही गोष्ट आपल्या फाल्गुनातल्या तलावालाही लागू आहे. जोर कमी, पण लागू.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी ही सगळी घडामोड लोकांच्या लक्षात राहावी म्हणून एक-दहा-एक असा हिशेब मांडला. अतिगार पाण्यात पडल्यावर एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे असेपर्यंत काहीतरी करायला, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. आपल्या पाण्यात हे आकडे बरेच लांबतात. आपल्याकडे गारठून मरायला कित्येक तास लागतील, आणि तेवढा वेळ बहुधा कुणी पाण्यात राहत नाही. पण क्रम तोच राहतो. आधी श्वास, मग हात. बोटं बधिरली की गाठ सुटत नाही, पायाला गुंतलेलं तंगूस तोडता येत नाही, तराफ्याची कड पकडता येत नाही. माणूस गारठून मेला असं कुणी म्हणत नाही, बुडून मेला असंच म्हणतात. गारव्याचा त्यातला हात कुठे नोंदला जात नाही.

यात वाऱ्याचाही वाटा आहे. फेब्रुवारीपासून ऊन चढेल तसा वारा उठतो. पहाटे आरशासारखं असलेलं पाणी दुपारी लाटा मारू लागतं. त्यातच मराठवाड्याचा हा मोसम अवकाळीचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेलं नाही. ज्वारी-हरभरा आडवा झाला, द्राक्षबागा गेल्या, पाखरं मरून पडली. असं आभाळ तलावावर उतरलं, तर हातातल्या दोन फळ्यांनी काय होणार? उजनी धरणात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहून काठाला लागला. उन्हाळ्याच्या ऐन भरातलं, अंगाला सोसणारं पाणी होतं ते. तिथे वाऱ्याने एवढं केलं. वाऱ्याला गारव्याची जोड मिळाली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

काठावर हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: पोहता येतं की आम्हाला. खरंच येतं, आणि उत्तम येतं. आमच्या पिढीतली पोरं विहिरीत पोहायला शिकली. कमरेला वाळका भोपळा, पांगाऱ्याचं हलकं लाकूड किंवा तेलाचा रिकामा डबा बांधायचा, आणि थोरल्याने वरून ढकलायचं. महिनाभराने डबा सुटायचा. डबा सुटला म्हणजे पोरगा मोठा झाला, असा तो मान होता. मला वाटतं, आपली अडचण तिथेच सुरू होते. अंगाला तरंगायचं साधन बांधणं म्हणजे कच्चेपणा आणि ते सोडणं म्हणजे मर्दपणा, अशी गाठ आपल्या मनात लहानपणीच बसते. जॅकेट घाल म्हटलं की चांगल्या पोहणाऱ्याला तो अपमान वाटतो, तो यामुळे.

विहिरीत आपण उडी मारतो ती ठरवून, दम धरून, अंग मोकळं असताना, काठावर चार जण उभे असताना. तराफ्यावरून पडणारा माणूस न ठरवता पडतो, अंगावर स्वेटर आणि मफलर असताना पडतो, पायाशी जाळं असताना पडतो आणि बघणारं कुणी नसताना पडतो. पहिलं मिनिटभर त्याचा श्वास त्याच्या हातात नसतो, आणि श्वास हातात नसला की पोहण्याची कला उपयोगी पडत नाही. त्या मिनिटात पोहायची घाईच करू नये, हा जगभरच्या जीवरक्षकांचा सल्ला आहे. उताणं व्हावं, तोंड आभाळाकडे ठेवावं, हातपाय हलकेच हलवत तरंगत राहावं. धाप ओसरली की मग ठरवावं. तराफा, ट्यूब, कयाक, जे तरंगत असेल ते सोडू नये. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, हे नेहमी धरून चालावं.

आणि ते मिनिट हमखास पार पाडणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे अंगावर घातलेलं जॅकेट. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला पाचेक किलोची उचल पुरते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदी सांगतात, की नौकाविहारात बुडून मेलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात तर १ नोव्हेंबर ते १ मे या काळात एकवीस फुटांहून लहान नावेत ते नुसतं जवळ ठेवून भागत नाही, अंगावर घालावं लागतं, असा कायदाच आहे. कायदा मे महिन्यापर्यंत का ताणला असेल? कारण एप्रिलमध्ये तिथेही ऊन पडतं, लोक अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून तळ्यावर जातात, आणि पाणी मात्र नुकतंच बर्फातून सुटलेलं असतं. होळीची म्हण त्यांच्याकडे नसेल, तिने होणारी फसगत तीच आहे.

आपल्याकडच्या मच्छीमारांची तक्रार मात्र ऐकून घेण्यासारखी आहे. भोईमामा म्हणाले, “जाकीट घालून जाळं कसं वढावं सर? काखंत आडकतंय, तंगूस गुततंय, दुपारी उकडून जीव जातोय.” ही टाळाटाळ नव्हे. पर्यटकांच्या बोटीत मिळणारी ती जाडजूड, लोंबत्या पट्ट्यांची नारिंगी जॅकेटं हात चालवणाऱ्या माणसासाठी केलेलीच नाहीत. कयाक चालवणाऱ्यांसाठी वेगळी जॅकेटं मिळतात. त्यांना काखेशी मोठी मोकळीक असते, पट्ट्या आत दुमडलेल्या असतात, फोम छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात असतो. जाळं ओढणाऱ्याला हवी तीच ही वस्तू. संस्थांनी आणि मत्स्यव्यवसाय विभागाने जॅकेट वाटताना आकडा बघण्याऐवजी हात मोकळा राहतो का हे बघितलं, तर वाटलेली जॅकेटं संस्थेच्या खोलीत खुंटीला लटकून राहणार नाहीत. आणि ज्याला आज काहीच घेता येत नाही, त्याने निदान झाकण घट्ट बसवलेला पाच लिटरचा रिकामा डबा छातीशी पक्का बांधावा. तो बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवणार नाही, जॅकेटची सर त्याला येणार नाही. पण पाच लिटर हवा जवळपास पाच किलो उचलते. लहानपणी सोडलेला डबा मोठेपणी पुन्हा बांधायला लाज कसली?

माणूस पाण्यातून निघाल्यानंतरही आपल्याकडे दोन जुन्या समजुती आड येतात. पहिली, त्याला पालथं घालून पोट दाबून पाणी काढायचं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न घशात येऊन श्वासनलिका बंद होण्याचा धोका वाढतो. श्वास थांबला असेल, तर तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करावी, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. दुसरी समजूत, गारठलेल्याला घोटभर दारू पाजायची. दारूने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. त्यापेक्षा ओले कपडे काढावेत, कोरड्या गोधडीत गुंडाळावं, आडवं ठेवावं, आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. आणि बुडणाऱ्याला वाचवायला काठावरून उडी घेण्याआधी दोर, धोतर, साडी, बांबू, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकावं. वाचवायला गेलेला आणि बुडणारा असे दोघंही गेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांत नव्या नाहीत.

देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचा अपघाती विमा आहे आणि मृत्यू झाल्यास घरच्यांना ५ लाख रुपये मिळतात. ही तरतूद चांगलीच आहे आणि प्रत्येक सभासदाने तिच्यात नाव नोंदवावं. पण मेल्यानंतरच्या ५ लाखांची व्यवस्था झाली आणि जगण्यासाठी लागणाऱ्या हजार-दोन हजारांच्या जॅकेटाची झाली नाही, हे मला पटत नाही. आणि ते आपण कुणालाच पटू देऊ नये.

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. हौसेने कयाक घेऊन येणाऱ्या तरुणांनो, जॅकेट पिशवीत ठेवू नका, ते घालूनच काठावर उतरा. तिथला भोई तुमच्याकडे बघत असतो आणि चांगला पोहणाराही ते घालतो, हे त्याला तुमच्याकडून दिसू द्या. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे काठावर एकाला तरी सांगून जा. कपडे हवेकडे बघून घालू नका, पाण्याकडे बघून घाला. आणि मच्छीमार संस्थांच्या अध्यक्षांना विनंती, की दर वर्षी बोटुकलीच्या खर्चाला मंजुरी देता, त्याच सभेत हात मोकळा ठेवणाऱ्या जॅकेटांचा एक ठराव घ्या, आणि माघापासून पाडव्यापर्यंत ते अंगावर घातल्याशिवाय कुणालाही पाण्यावर जाऊ देऊ नका.